मेलेल्यांना चालायला शिकवणारी

उत्कर्षा मेलेल्या माणसांना चालायला शिकवायची. ती तिची नोकरी होती. साल दोन हजार आठ. बाणेरच्या एका स्टुडिओत परदेशी कॉम्प्युटर गेम्सची चित्रं हलती व्हायची, तिथे. बी.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. मी पुढे मराठी घेऊन एम.ए. केलं. तिने ॲनिमेशनचा कोर्स केला.

तिच्या वाट्याला झॉम्बी आले. थडग्यातून उठून, हात पुढे करून, पाय ओढत येणारी प्रेतं. केबलवरच्या इंग्रजी सिनेमांत आम्ही ती पुष्कळ पाहिली होती. एकाच उशीआडून.

तिचे आजोबा गेनबा तरुणपणी कुस्त्या खेळलेले. त्यांनी कामाचं नाव आपल्या कानांनी ऐकलं.

"झोंबी? कुणासंगं झोंबायचं?"

"आबा, मेलेली माणसं असतात ती."

"मेलेल्यासंगं कुस्ती? त्यात कसली मर्दुमकी गं?"

पण मारुतीच्या पारावर त्यांनी सांगून टाकलं, नात कुस्तीच्या कंपनीत हाय.

उत्कर्षा अजून उमेदवारीवर होती. मंदीचे दिवस होते. परदेशातून निरोप आला : तुमचे झॉम्बी दारुडे वाटतात. प्रेताला काहीतरी आठवत असलं पाहिजे. महिनाभरात नवी चाल पसंत पडली तर उत्कर्षा नोकरीत कायम होणार होती. नाहीतर घरी.

गेनबांची उसाची जमीन कर्वेनगरात होती. आता तिच्यावर तीन सोसायट्या उभ्या आहेत. गेनबा रोज सकाळी त्यांच्या पार्किंगमधून फिरायचे. सरळ नाही, बांधाबांधाने. विहीर होती तिला वळसा घालायचे. पाट होता तिथे पाय उचलायचे. खाली नुसतं सिमेंट असायचं. वॉचमन गप्प बाजूला व्हायचा.

उत्कर्षाने ते मोबाइलवर टिपलं. मग ती स्वतःच तशी चालू लागली. एका दुपारी मी तिला भेटायला गेले. स्टुडिओच्या लांब व्हरांड्यात ऊन पडलं होतं. त्या उन्हातून ती हळूहळू येत होती. मधेच तिने पाय उचलला आणि नसलेलं पाणी ओलांडलं. मला हाक मारवेना.

चाल पसंत पडली. चालीनंतरचं झॉम्बीचं मरणंही पसंत पडलं. गेम खेळणारा गोळी झाडतो, झॉम्बी कोसळतो. आता फक्त परदेशातली शेवटची सही राहिली होती.

त्या रविवारी घरच्यांना स्टुडिओ दाखवायचा होता. गेनबा फेटा बांधून आले. मीही गेले.

पडद्यावर धुकं होतं. धुक्यातून एक जण आला. त्याने कशाला तरी वळसा घातला.

गेनबा खुर्चीत पुढे सरकले. "ह्यो तर मी हाय." मग खालच्या आवाजात, "ऊस कुठं गेला?"

गोळी सुटली. तो उताणा पडला.

गेनबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"पाठ लावलीस की गं माझी," ते म्हणाले. "मातीत कुणाला लावू दिली न्हवती."

पाठ टेकली की पैलवान हरला. एवढं मलाही माहीत होतं. उत्कर्षा पडद्याकडे बघत राहिली.

सोमवारी तिने पसंत पडलेलं मरण पुसून टाकलं. नव्याने केलं. गुडघे, मग तळवे, मग छाती. पाठ वर, आभाळाकडे.

पियुष तिचा वरिष्ठ. त्याने ते तीनदा पाहिलं.

"पास झालेलं मोडायची कल्पना कोणाची, आपलीच का? हा मरतोय, की जमिनीत काही हरवलंय त्याचं?"

"हरवलंय," उत्कर्षा म्हणाली.

"वा. आणि नोकरी गेली की आपणही इथेच शोधत बसणार का?"

तरी त्याने ते पाठवलं. चार दिवस ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. पाचव्या दिवशी उत्तर आलं. एका ओळीचं. नवं पडणं ठेवा. ती कायम झाली.

घरी गेनबा ओट्यावर बसले होते. ती त्यांच्या पायाशी बसली.

"आबा, बदललं मी. आता गोळी लागली की तो पालथा पडतो. पाठ लागत नाही."

समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता.

"मग कुस्ती निकाली कुठं झाली?" ते म्हणाले. "उठंल की त्यो."