सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या चपला

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत मीनाचं पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे तांदळाच्या भाकऱ्या थापतात सगुणाबाई. वय पन्नाशीच्या पुढे, माहेर बारवी धरणाकडच्या पाड्यातलं, आणि राहायला बदलापूरला, शिरगावात. घरी नवरा अनंता, मुलगा आणि सून किर्ती. त्यांची भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते म्हणून कारखान्यातले लोक मुद्दाम मागून घेतात.

एका सकाळी भाकरीचं पीठ मळायला त्यांनी आधण ठेवलं होतं. पातेलं उतरवताना हातातलं फडकं सटकलं आणि उकळतं पाणी उजव्या पायावर सांडलं. मीना किंचाळली. सगुणाबाई मात्र पिठाच्या परातीकडे बघत म्हणाल्या, "अरे देवा, पिठात नाय ना गेलं?"

"मावशी, पाय बघा! पायातून वाफ येतेय!"

त्यांनी खाली बघितलं. कातडी लाल झाली होती. "मला काय नाय झालं गं. रानात अनवाणी फिरून पाय दगड झालेत माझे," त्या हसत म्हणाल्या. त्यात थोडा अभिमानच होता. मीनाला मात्र ते हसणं बरं वाटलं नाही.

फोड आले, फुटले. सगुणाबाईंनी हळद भरली, वरून चिंधी बांधली आणि कामावर जात राहिल्या. तळपायाला मुंग्या तर कितीतरी वर्षांपासून यायच्या. तहानही फार लागायची, पण शेगडीपाशी उभं राहणाऱ्या बाईला तहान लागणारच, असं त्या धरून चालल्या होत्या. आठवडाभराने किर्तीला घरात कसलातरी कुबट वास येऊ लागला. तिने केराचा डबा धुतला, मोरी घासली. वास जाईना. शेवटी तिने सासूच्या पायाची चिंधी सोडली आणि तोंडाला पदर लावला. करंगळी काळी पडली होती.

दवाखान्यात उमा नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आधी बोटातून थेंबभर रक्त घेतलं, मशीनवरचा आकडा बघितला आणि विचारलं, "साखर कधी तपासली होती?"

"मी गोड खातच नाय."

डॉक्टरांनी त्यांना पडायला सांगितलं. "डोळे मिटा. मी पायाला नायलॉनचा दोरा टेकवते. जाणवलं की हो म्हणा."

सगुणाबाई डोळे मिटून पडून राहिल्या. बराच वेळ गेला. मग त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, सुरू कधी करताय?"

"मावशी, माझं करून झालं."

पलंगाशी उभी असलेली किर्ती रडायला लागली. तिने सगळं पाहिलं होतं. दोरा तळव्याला सात-आठ ठिकाणी टेकला होता.

साखर कितीतरी वर्षं वाढलेली असणार, डॉक्टरांनी समजावलं. त्या साखरेने पायाच्या नसा बोथट केल्या, त्यामुळे भाजलेलं कळलं नाही आणि जखम भरत नव्हती. हाडापर्यंत पू गेला होता. करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

घरी सोडताना इन्सुलिन कसं टोचायचं ते किर्तीला शिकवलं. भाकरी बंद नाही, पण मोजून, आणि सोबत डाळ, भाजी जास्त. हे सगळं सगुणाबाईंनी मान डोलावून ऐकलं. शेवटची गोष्ट मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

"मऊ तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घ्यायच्या. घरातसुद्धा घालायच्या. स्वयंपाकघरातसुद्धा."

"चुलीपाशी चपला? तिथेच देव्हारा आहे आमचा," अनंता म्हणाला. सगुणाबाईंना नवऱ्याचं म्हणणं इतकं पटलं की त्यांनी डॉक्टरांकडे बघितलंही नाही.

चपला आल्या, पण दाराबाहेरच राहिल्या. किर्ती बोलायची, सासू ऐकून न ऐकल्यासारखं करायची. करंगळीची जखम भरत आली होती, त्यामुळे सगळ्यांनाच धीर आला होता. मग एकदा ड्रेसिंग करताना किर्तीला त्याच पायाच्या टाचेत काहीतरी चमकताना दिसलं. फुटलेल्या बांगडीची काच होती. आत रुतून बसलेली, भोवती पू. सगुणाबाई त्या काचेवर किती दिवस चालत होत्या, कोण जाणे.

पुन्हा दवाखाना सुरू झाला. ड्रेसिंगच्या रांगेत शेजारी व्हीलचेअरवर वांगणीकडचे बाळाजी नावाचे म्हातारे शेतकरी होते. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. बोलता बोलता सगुणाबाईंनी काचेची हकीगत सांगितली आणि चपलांचीही.

"माझंही तसंच की," बाळाजी म्हणाले. "पायाला जखम होती, डॉक्टर म्हणाले चिखलात उतरू नका, उतरलात तर बूट घाला. मी म्हटलं, शेत म्हणजे आई, आईच्या अंगावर बूट घालून कसा जाऊ? तसाच उतरलो लावणीला." "आता बांधावर बसून लावणी बघतो. शेत काही रागावलं नसतं हो, ताई."

रांगेत मागे उभ्या असलेल्या अनंतानेही हे सगळं ऐकलं होतं. घरी पोचल्यावर त्याने दाराबाहेरच्या चपला उचलल्या, मोरीत नेऊन साबणाने घासल्या, पुसल्या आणि उन्हात ठेवल्या. सुकल्यावर तो बायकोसमोर खाली बसला आणि पट्टा लावू लागला.

"अहो, माझ्या पायाला हात काय लावताय!"

"मग तू वाक. वाकता येतंय बँडेजमध्ये?"

पट्टा लागला. त्या उठल्या, देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि चपलांसकट ओट्यापाशी गेल्या. पहिले काही दिवस पातेल्याला हात लावतानाही त्यांना काही चूक केल्यासारखं वाटायचं. मग ते ओसरलं.

टाच भरायला बराच काळ लागला. मीनाने त्यांची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, आणि त्या परतल्या तेव्हा उंच स्टूल आणून ठेवलं होतं. आता त्या बसून थापतात, आधण मीना उतरवते. रोज रात्री जेवणाआधी किर्ती त्यांचे तळवे बोटांच्या बेचक्यांसकट बघते. गणपतीत घरी आलेली नणंद चपला बघून म्हणाली, "वहिनी, मोदक करताना पण?" सगुणाबाई पारी वळत म्हणाल्या, "गणपतीला माझे मोदक पाहिजेत, तर मला उभं राहायला पाय नको?" नणंदेने मग दुसरा विषय काढला.

साखर अजून कधीकधी चढते, पण तिची तीन महिन्यांची सरासरी उतरली आहे. डोळ्यांच्या तपासणीची त्यांना फार भीती वाटायची. तीही झाली, डोळ्यांचा पडदा चांगला निघाला.

परवा त्यांनी मीनाला जवळजवळ ओढतच उल्हासनगरातल्या एका दवाखान्यात तपासणीला नेलं. मीनाची साखर मधुमेहाच्या सीमेवर निघाली. बाहेर बाकावर बसून ती रडली. "मावशी, माझंपण तुमच्यासारखंच होणार."

"माझ्यासारखं कसं होईल? मला कोणी वेळेवर आणलं नव्हतं," सगुणाबाई म्हणाल्या आणि तिचे डोळे पुसले. "चल, उल्हासनगर स्टेशनपर्यंत चालत जाऊ. डॉक्टरने चालायला सांगितलंय ना तुला?"

मीनाने नाक ओढलं, पर्स खांद्याला लावली आणि दोघी निघाल्या.