पोपटाच्या मुठीचा खंजीर

त्या खंजिराची आठवण झाली की आजही माझे कान गरम होतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण स्वतःला हुशार समजून इतका मूर्ख मी दुसऱ्या कुठल्याच तपासात ठरलो नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरच्या एका ठाण्यात निरीक्षक म्हणून येऊन मला दोन वर्षं झाली होती. आमच्या हद्दीत एक जुनं वस्तुसंग्रहालय होतं. तिथे नवे प्रमुख आले आणि त्यांनी आजवर कुणी न केलेली गोष्ट केली. नोंदवही हातात घेऊन एकेक वस्तू खरोखर मोजली. शस्त्रांच्या दालनात एक खंजीर कमी भरला. नोंद अगदी स्पष्ट होती : पितळी मूठ, पोपटाच्या डोक्याची, एका डोळ्यात लाल खडा, दुसरा गळालेला. भिंतीवर पाटी होती, दोन खिळे होते, खंजीर नव्हता. फिर्याद आमच्याकडे आली.

संशय एकाच माणसावर होता. दालनाचा शिपाई. अकरा वर्षं ते दालन त्याच्या ताब्यात, वस्तूंच्या यादीवर त्याची सही. निवृत्तीला तीन महिने उरलेले असताना तो निलंबित झाला होता. चोरी शाबीत झाली असती तर उभ्या जन्माची नोकरी आणि नाव, दोन्ही मातीत गेलं असतं.

चार दिवसांत निनावी पोस्टकार्ड आलं. 'शिपाई रोज संध्याकाळी पिशवीतून काहीतरी घरी न्यायचा.' अशा कार्डांतली निम्मी भाऊबंदांनी लिहिलेली असतात, हे ठाऊक असूनही मी निघालो. के. आर. पुरमला रेल्वे स्टेशनामागे त्याचं दोन खोल्यांचं घर. सकाळी, सगळी गल्ली जागी असताना, जीप थेट दारात उभी केली. पंचांसमक्ष डबे, ट्रंका, देव्हारा, सगळं तपासलं. पिशवीतून घरी आलेला माल दोरीवर लटकत होता : आठ पिवळी फडकी.

"म्युझियमची आहेत," त्याची बायको खाली बघत म्हणाली. "तिथे सगळी एकाच बादलीत बुचकळतात. त्यात बारीक रेती राहते, काचेवर ओरखडे येतात म्हणून हे घरी आणायचे. मी धुऊन द्यायची. सस्पेंड झाल्यापासून इथेच राहिलीत."

पंचनाम्यात मी 'आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही' असं लिहिलं आणि तरीही त्याला चौकशीला ठाण्यात आणलं. तो मराठी, मीही मराठी. दोघांचेही पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन कन्नड मुलखात मुरलेले. साहेबाने आपला माणूस सोडला, असं कुणी म्हणू नये म्हणून मी त्याच्याशी जरा जास्तच कडक वागलो. वयाने मोठ्या माणसाला अरेतुरे केलं. याची लाज मला फार उशिरा वाटली.

"साहेब, तो खंजीर मी कधी बघितलाच नाही," तो म्हणाला.

"मग यादीवर सही कशी केलीस?"

"चार्ज घेताना यादी पुढे केली, सही केली. सगळे तसंच करतात. आधीच्या शिपायाला विचारलं, अण्णा, हे खिळे रिकामे का? तो म्हणाला, साफ करायला पाठवलाय, स्वल्प दिवसांनी येईल."

"आणि अकरा वर्षं तू काय केलंस?"

"लोक विचारायचे. मी पण तेच सांगत आलो, साफ करायला पाठवलाय."

मी टेबलावर हात आपटला. तो गेल्यावर आमचा हेड कॉन्स्टेबल मला कन्नडमध्ये म्हणाला, "सार, चोर इतकं वेडगळ खोटं बोलत नाही." हा माणूस ठाण्यातल्या मुद्देमालाची खोली सांभाळायचा. मी त्याला गप्प बसवलं.

तपास तिथेच रुतला. तोवर नवरात्र संपत आलं. आमच्या घरची खंडेनवमी म्हणजे कन्नड लोकांची आयुधपूजा. ठाण्यात तर तो मोठा सण. जीपला केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं, फोडायला कोहळा, वाटायला चुरमुरे. रायफली ओळीने मांडलेल्या आणि मधोमध, दर वर्षीप्रमाणे, ठाण्याचं एक जुनं हत्यार, गंधाकुंकवाने माखलेलं. आधीच्या दोन्ही वर्षी मी त्याच्यावर फूल वाहून हात जोडले होते. त्या दिवशीही वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. कुंकवाच्या थराखालून एक वाकडी चोच बाहेर आली होती.

मी अंगठ्याने कुंकू पुसायला लागलो. "सार, पूजेचं पुसू नका," हेड कॉन्स्टेबल कळवळला. एक लाल डोळा निघाला. दुसऱ्याच्या जागी खळगा. मुठीच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रंगात बारीक आकडा होता, संग्रहालयाचा. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून आलो होतो.

मग जुनी दप्तरं काढली. वीसेक वर्षांपूर्वी तो खंजीर खरंच चोरीला गेला होता आणि आमच्याच ठाण्याने तो आठवड्यात पकडला होता. मुद्देमाल म्हणून खोलीत ठेवला. खटला उभा राहण्याआधीच आरोपी वारला, फाइल बंद झाली, खंजीर परत द्यायचा हुकूम कुणी मागितलाच नाही. चिठ्ठी गळून पडली, आणि पुढच्या माणसांना तो ठाण्याचाच वाटला. तिकडे संग्रहालयात 'खंजीर हस्तगत झाला' हे आमचं पत्र पाहून कारकुनाने वहीत 'परत मिळाला' असं लिहून टाकलं. वस्तू कुणीच पाहिली नाही, सगळ्यांनी कागद पाहिला. त्यात मीही आलो.

न्यायालयाचा हुकूम घेऊन मी खंजीर संग्रहालयात पोचवला. शिपाई कामावर परत आला होता. मी तो त्याच्याच हातात दिला. त्याने उलटापालटा करून पाहिला.

"एवढाच होय? मला वाटलं, चांगला हातभर असेल."

पिवळ्या फडक्याने त्याने त्या खळग्यातलं उरलेलं कुंकू टिपलं आणि खंजीर खिळ्यांवर ठेवला. मी निघालो, तसा तो मागून आला.

"साहेब, झडतीला जीप घेऊन आलात, गल्लीने बघितलं. खंजीर सापडल्याचं सांगायला पण जीप घेऊनच या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच वेळी, गणवेशात गेलो. जीप मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी थांबवली आणि चालत गेलो. वाटेत जो भेटला त्याला खंजीर कुठे सापडला ते सांगितलं. आमच्याच ठाण्यात, हेही सांगितलं. लोक हसले. हसू दिलं. त्याने दाराबाहेर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे बसून मी कॉफी घेतली आणि त्याला पहिल्यांदाच 'अहो' म्हणालो. पुढे नोकरीत कुणाच्याही घराची झडती घेण्याआधी मी माझ्या ठाण्याची मुद्देमालाची खोली उघडून बघत असे. आणि झडतीत काही निघालं नाही, तर ते सांगायलाही तितक्याच लोकांदेखत जात असे.