लेकरू नसलेली बाळंतीण

माझी सून महागावला एका खाजगी शाळेत शिकवते. तिला बाळंतपणाची सहा महिन्यांची भरपगारी सुट्टी मंजूर झाली, तेव्हा मला हसू आलं. पूर्वी तीनच महिने होती, आता कायद्यानं वाढवली, असं ती म्हणाली. आमच्या वेळी पोटात कळ येईपर्यंत कापूस वेचायचा, एवढंच माहीत होतं.

लेकरू मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. मुलानं दवाखान्यातूनच नेऊन पुरली. घरी एकटी सून आली.

मी तिच्या बाजेखाली शेगडी ठेवली, कान बांधले, अंगाला तेल लावलं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "काहून वं, लेकरू नाही अन् शेगडी कायले पेटवून राह्यली?"

"तिच्या अंगाले काय माहीत लेकरू नाही म्हणून?" मी म्हणाले. "आत ये नाहीतर घरी जाय."

ती गेली. सुनेला दूध येतच होतं. दिवसातून दोनदा ब्लाउज बदलावा लागे.

मग शाळेच्या मोठ्या मॅडमचा फोन आला. आवाज मायेचा होता. "सोमवारपासून ये बेटा. घरी नुसती रडत बसशील. आणि आता ती सुट्टी तशीही लागू होत नाही ना."

घरी आल्यापासून सून धड एक वाक्य बोलली नव्हती. ती उठून बसली. "लागू होते, मॅडम. मेलेलं जन्मलं तरी कायद्यात ते मूलच आहे. मी बाळंतीण आहे."

फोन ठेवला आणि मग जी रडली, ती दिवे लागेपर्यंत. मी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. संस्थेत विचारलं, तुझंच बरोबर आहे, म्हणाल्या.

सुट्टी राहिली. पण सहा महिने करायचं काय, हे कायद्यात कुठं असतं?

एकदा दुपारी तिनं विचारलं, "आई, तुमचंही एक गेलं होतं ना?"

"पोरगा होता. चार दिवसांनी वेचणीले गेलती मी. छाती फडक्यानं आवळून."

"अन् शेगडी?"

"सासूनं पेटवलीच नाही. लेकरू नाही तर कायची बायंतीण, म्हणे."

मग ती म्हणाली, "कोणी विचारलं तर तुम्ही लेकरं तीन सांगता."

"मंग किती सांगू?"

"चार, आई."

शेगडी विझत आली होती. मी गोवऱ्या आणायला उठले.