पायाखालचा ब्रेक

मी रामाकोन्याहून सौंसरला कॉलेजात जायचे तेव्हा ती बाई रोज बसमध्ये असायची. वय चाळिशीचं, साडीखाली कॅनव्हासचे बूट, आणि जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची. बस निघाली की तिचे पायही कामाला लागायचे. थांबा आला की डावा पाय क्लच दाबायचा, उजवा ब्रेकवर जायचा. छत्रीची मूठ धरून ती गिअर बदलायची.

ड्रायव्हर आरशात पाहून म्हणायचा, "काकू, हळू दाबा जी! खालचा पत्रा फाटून राहिला."

सगळी बस हसायची. तीही हसायची, पण पाय थांबायचे नाहीत.

एकदा तिच्या शेजारी जागा मिळाली. मी सरळच विचारलं, "काकू, लोक हसतात, तुमाले लाज नाही वाटत?"

"वाटते नं वं. लायसनच्या टेस्टमध्ये दोनदा फेल झाली मी. घरचे म्हणतात, पुरे आता. पण मले शाळेची बस चालवाचीच आहे. पायच ऐकत नाहीत, तं काय करू?"

'पुरे आता' मीही बारावीनंतर ऐकलं होतं. तरी आज आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच. पायाशी ठेवलेली बॅग मी उचलून मांडीवर घेतली. तिच्या ब्रेकला जागा हवी होती.

परवा फाट्यावर उभी होते. पोरांच्या कलकलाटासकट पिवळी स्कूलबस आली. स्टिअरिंगवर ती! तेवढ्यात एक सायकलवाला आडवा घुसला. बस अलगद थांबली, तो निघून गेला.

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय धुळीत घट्ट दाबलेला होता.