लाडक्या म्हशीचं कवळं गवत

जनावरांचा डॉक्टर म्हणून मी गडहिंग्लजजवळच्या एका गोठ्यात गेलो, तेव्हा बाकीच्या म्हशी धडधाकट होत्या आणि मालकाची लाडकी तेवढी खंगली होती. तिच्या जबड्याखाली सूज होती. शेण तपासलं, तर यकृतातल्या चपट्या जंताची अंडी सापडली.

मालक माझ्यावरच भडकला. "बाकीच्यांना उसाच्या शेंड्याचं वाडं टाकतो. हिला रोज तळ्याकाठचं कवळं गवात कापून आणतो की. मग हिलाच कसं हुतंय?"

माझंही डोकं तापलं. तिथंच जमिनीवर काडीनं गोल काढून त्याला समजावलं. अंडी शेणातून तळ्यात जातात. त्यांतली पिल्लं गोगलगायीत शिरून वाढतात, गोगलगाय ही त्यांची मध्यस्थ यजमान, म्हणजे वाढीपुरतं मधलं घर. तिच्यातून बाहेर पडून ती काठच्या गवताला चिकटतात आणि गवताबरोबर म्हशीच्या पोटात जातात. म्हैस अंतिम यजमान, कारण तिच्या यकृतात मोठे झालेले जंत पुन्हा अंडी घालतात.

"आणि हे सगळं तुम्ही रोज विळ्यानं कापून तिच्यापुढं टाकताय," मी म्हणालो.

औषध देऊन, काठचं गवत बंद करायला सांगून मी निघालो.

पुढं काही महिन्यांनी गेलो, तर म्हैस चांगली भरली होती, दूधही वाढलं होतं. पण मालक जवळ आला की ती वाडं चघळत मान फिरवायची. त्यानं माझा दंड धरून मला तिच्यापुढं उभं केलं आणि तिला म्हणाला, "ह्ये बघ डॉक्टर. गवात ह्यांनी बंद केलंय, मी न्हाय."