हिऱ्याला नीळ

बायकोच्या चमकीतल्या हिऱ्याला मी नीळ लावली. चमकी विकून तिला शिवणयंत्र घ्यायचं होतं, आणि हिरा दिसायला पिवळसर. पिवळं पडलेलं धोतर निळीने उजळतं, मग हिरा का नाही?

नंदुरबारच्या एका सराफाकडे महिन्यातून एकदा सुरतेचा पारखी येऊन बसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो उन्हात किंवा दिव्याखाली हिरा बघत नसे. उत्तरेच्या दारात, पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून न्याहाळी. आमची चमकी त्याने आधी ओल्या कापसाने पुसली. कापूस निळा झाला.

"लबाडीचा माल मी घेत नाही," म्हणून त्याने ती परत सरकवली.

बायकोचा चेहरा उतरला. मी घाईघाईने धोतराची आणि शिवणयंत्राची सगळी हकिकत सांगितली. तो पोट धरून हसला, चमकी पुन्हा दारात घेऊन गेला आणि भिंग डोळ्याला लावून बसला. इतक्या आदराने कुणी कशाचा पिवळेपणा पाहिलेला मी तोवर बघितला नव्हता.

"बहेन, रंगात थोडा उतरता आहे. पण आत डाग नाही, रेघ नाही. यंत्र येईल."

यंत्र घ्यायला कधी यायचं, असं मी पायऱ्या उतरताना विचारलं. बायको म्हणाली, "यंत्र लेवाले मी एकलीच येसू. तुम्ही घर थांबा."