दुकानाला लावलेला फोन

परवा तुम्ही दोघांनी विचारलं, आजी, तू कधी कॉम्प्युटरवर गेम खेळलीस का? खेळले. एकच खेळले, पण चांगली दोन वर्षं.

तेव्हा टीव्हीवर बक्षिसांच्या प्रश्नमंजुषेचं वेड होतं. कार्यक्रम सुरू झाला की आर्वीतली आपली गल्ली चिडीचूप व्हायची. तुमच्या बाबांनी नागपूरहून तशाच खेळाची सीडी आणली. चार पर्याय, टिकटिकणारं घड्याळ, चढत जाणारी बक्षिसं, सगळं टीव्हीवरच्यासारखं. प्रश्न मात्र इंग्रजीत. त्यामुळे मी वाचून मराठीत सांगायची आणि तुमची आई माऊस धरायची. तिच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते.

अडलं तर मित्राला फोन करायची सोय त्या खेळातही होती. ते बटण दाबलं की एक रेकॉर्ड केलेला माणूस मोठ्या खात्रीने चुकीचं उत्तर द्यायचा. त्याला कंटाळून आम्ही घरचा नियम केला. बटण दाबायचं नाही, खरा फोन लावायचा, बाजारातल्या आपल्या बियाण्यांच्या दुकानात, आजोबांना. तिथे बाकावर चार-पाच शेतकरी कायम बसलेले. आजोबा प्रश्न मोठ्याने सांगायचे, बाकावर वाद पेटायचा आणि इकडे तीस सेकंद संपून खेळ खलास.

"त्या घड्याळाले सांग, जरा थांबजो म्हना," आजोबा चिडायचे.

फोन मीच लावायची. तुमची आई आजोबांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, आपल्या घरची रीत होती. सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन यायची, ताट ठेवून जायची. काही सांगायचं असलं तर सासूमार्फत. इंग्रजी शाळेत शिकूनही मी माझ्या सासऱ्यांशी कधी थेट बोलले नव्हते, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नव्हतं.

तुमच्या आईचं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नामुळे राहिलं होतं. घरून परीक्षा देता येणार होती. फॉर्म तिने माझ्याकडे दिला, मामाजींना, म्हणजे आजोबांना विचारा म्हणून. मी तो कपाटात फाइलला लावून नीट ठेवला. आज त्यांचं डोकं दुखतंय, आज हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी आहे, असं करत दीड महिना गेला. खरं म्हणजे ते नाही म्हणतील याची मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीला मी योग्य वेळ बघणं म्हणत होते.

फॉर्मची शेवटची तारीख शनिवार. गुरुवारी दुपारी तिने विचारलं, "आई, विचारलं का जी?"

"आज विचारते."

तिने कॉम्प्युटर सुरू केला.

त्या दिवशी आम्ही कधी नव्हे इतक्या वर पोचलो. मग प्रश्न आला, लिनन कापड कशापासून बनतं? कापूस, ताग, जवस की अंबाडी? मला नक्की ठाऊक नव्हतं. मी फोनकडे हात नेला, तर तिने आधीच रिसिव्हर उचललेला.

"मामाजी, मी बोलून राह्यली."

"कोन?"

"मी. घरून."

"काऊन? काय झालं? तुही सासू बरी हाय ना?" आजोबांचा घाबरलेला आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"सगळे बरे हायेत." तिने प्रश्न आणि चारही पर्याय सांगितले.

"अंबाडी!" बाकावरून कोणीतरी ओरडलं.

"अंबाडीचा दोर होते बे, अंगात घालतं का तू?" आजोबा त्याला म्हणाले. मग फोनमध्ये, "जवस. जवस दाब, पोरी."

तिने माऊसला हात लावला नाही. फोनही ठेवला नाही.

"अजून एक विचारू का, मामाजी? माही बी.ए.ची परीक्षा राह्यली. फॉर्म भराची शनिवारी शेवटची तारीख हाय. बसू का मी?"

पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं, हरल्याचं संगीत वाजलं. जवस दाबायचं मलाही सुचलं नाही.

"फॉर्म कुठं हाय?"

"आईजवळ."

"कवापासून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली गेली.

"कालच देल्ला," ती म्हणाली.

आजोबा दुकान नोकरावर सोडून भर दुपारी घरी आले. तसे ते कधी येत नसत. मी फाइल काढून दिली. फॉर्मवर कॉलेजचा शिक्का होता, त्यात दीड महिन्यापूर्वीची तारीख. ती त्यांनी वाचली आणि चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं.

तुमच्या आईने डोक्यावर पदर घेऊन चहा आणून ठेवला. ती आत जायला वळली, तेव्हा त्यांनी विचारलं, "विषय कोनते हायेत तुहे?"

ती दाराशी थांबली. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात एकेक विषय सांगू लागली. कोणता सोपा, कोणता अवघड, पुस्तकं कोणाकडून मिळतील. ते मधूनमधून विचारत होते, ती उत्तरं देत होती. माझी मध्ये गरज नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले आणि काही काम नसताना तिथेच उभी राहून ऐकत राहिले.